दाणा कुठे अडतो, कसा सुटतो: खडी, वाळू आणि गाळ यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पहिला वळीव पडून गेला की माझा फोन वाजायला लागतो. "खड्डा तुडुंब भरलाय हो, पाणी मुरतच नाही." पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे, पुनर्भरणाचे फिल्टर, बोअरच्या जाळ्या हे माझं रोजचं काम. दर वेळी तीच गोष्ट मुळापासून सांगावी लागते, ती म्हणजे दगडांच्या फटींतून बारीक दाणे कसे जातात आणि कुठे बसून राहतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे. प्रश्न आले तसेच ठेवलेत. काही सोसायट्यांच्या सभासदांचे, काही अभियांत्रिकीच्या मुलांचे, एक माझ्या आईचा.

"सच्छिद्र माध्यम" म्हणजे नक्की काय?

ज्याच्या आत एकमेकींना जोडलेल्या पोकळ्या आहेत ते सगळं. खडीचा ढीग, वाळूचा थर, मुरूम, भाजलेली वीट, चहाच्या गाळणीतला चोथा. आपल्या पायाखालचा काळा पाषाण अखंड असेल तर जवळपास बंदच असतो. पाणी जातं ते त्याच्या भेगांतून, जाळीदार थरांतून आणि झिजून मुरूम झालेल्या भागातून. एका गल्लीत बोअरला पाणी आणि शेजारच्या गल्लीत नुसती धूळ, हे पुण्यात सर्रास होतं ते त्यामुळे.

पोकळीची मापं दोन, आणि गल्लत इथेच होते. पहिलं माप एकूण रिकामी जागा किती याचं. सारख्या मापाचे गोल दाणे नुसते ओतले तर साधारण ४० टक्के जागा रिकामी राहते. डबा ठोकून बसवले तर ३६ टक्क्यांच्या आसपास येते. दाणा मोठा की लहान याने यात फरक पडत नाही. गोट्यांच्या बरणीत आणि मोहरीच्या बरणीत हवा सारखीच. दुसरं माप एका पोकळीतून दुसरीत जाणाऱ्या वाटेचं. तिला मी खिंड म्हणतो. दाणा लहान झाला की खिंडही लहान होते, आणि पाणी जाण्याची क्षमता तर दाण्याच्या मापाच्या वर्गाने घटते. दाणा दहापट बारीक केला की पाणी शंभरपट हळू. साठा किती मावेल ते पोकळी ठरवते, ये-जा किती होईल ते खिंड. खिंड अरुंद असली की समोर सैन्य किती मोठं आहे याला फारसा अर्थ उरत नाही, हे बाजीप्रभूंनी दाखवून दिलेलंच आहे.

दाणे "वाहतात" म्हणजे पाण्यासारखेच ना?

दिसायला तसेच, वागायला अजिबात नाही. पाण्याची टाकी अर्धी झाली की नळाची धार मंदावते. पिठाच्या गिरणीत वरच्या नरसाळ्यासारख्या डब्यात गहू काठोकाठ असो की थोडा उरलेला, खाली पडणारी धार जवळपास तेवढीच राहते. दाण्यांचं सगळं वजन सरळ खाली जात नाही. ते एकमेकांवर रेलतात आणि घर्षणामुळे बराच भार बाजूच्या भिंतींवर पडतो. यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांबाबत हे मांडलं: ठरावीक उंचीनंतर वर कितीही धान्य ओता, तळावरचा दाब वाढत नाही. वाळूचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतं ते धार अशी एकसारखी राहते म्हणूनच.

भोकातून किती दाणे पडतील याचा नियम बेव्हर्लू आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दिला. भोकाच्या व्यासातून साधारण दीड दाण्याएवढी रुंदी वजा करायची, उरलेल्याचा अडीचवा घात घ्यायचा, धार त्या प्रमाणात. ही दीड दाण्याची वजावट लक्षात ठेवा. कडेची तेवढी जागा दाण्यांच्या दृष्टीने नसल्यातच जमा. म्हणून लहान भोक थोडं मोठं केलं तरी धार एकदम वाढते, आणि थोडं लहान केलं की धार आटत नाही, बंदच पडते.

दाणा किती बारीक असला की खडीतून आरपार जाईल?

हे घरी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मोठ्या तोंडाची काचेची बरणी घ्या आणि नेहमीच्या काचेच्या गोट्यांनी भरा. या गोट्या साधारण १६ मिलिमीटरच्या असतात. तीन गोट्या एकमेकींना चिकटून बसल्या की मधल्या तिकोनी फटीतून जाऊ शकणारा सगळ्यात मोठा गोल दाणा गोटीच्या ०.१५५ पट असतो. म्हणजे इथे अडीच मिलिमीटर. उलट बाजूने सांगायचं तर गोटी दाण्याच्या निदान ६.४६ पट हवी. हा आकडा निव्वळ भूमितीचा आहे, त्यात वादाला जागा नाही.

आता चिमूटभर मोहरी टाका. दीड-दोन मिलिमीटरचा दाणा टक् टक् करत, एका गोटीवरून दुसरीवर आपटत तळाला पोचतो. गंमत अशी की तो खाली जाताना वेग घेत नाही. प्रत्येक टकरीत मिळवलेला वेग गमावतो, त्यामुळे सरासरी वेग वरपासून खालपर्यंत साधारण एकच. सगळे दाणे एकाच जागी टाकले तरी तळाशी ते पसरून पडलेले दिसतील.

मग ज्वारी टाका, चार मिलिमीटरच्या आसपासची. नियमाप्रमाणे ती वरच थांबायला हवी, पण काही दाणे एक-दोन थर आत जातात. ओतलेल्या गोट्या सगळीकडे घट्ट तिकोनात बसलेल्या नसतात. कुठे चार गोट्यांची चौकोनी खिंड असते, ती गोटीच्या ०.४१ पटीपर्यंत मोठी. ज्वारी चौकोनातून घुसते, पुढचा तिकोन आला की अडकते. गाळ खडीत नेमका असाच बसतो. वर दिसत नाही, तळाशी पोचत नाही, मध्येच कुठेतरी कायमचा. बरणीच्या काचेला लागून मात्र वाट जास्त मोकळी असते, तिथल्या दाण्यांवरून निष्कर्ष काढू नका.

मग सगळी मोहरी एकदम ओतली तर का तुंबते?

कारण एकटा दाणा आणि घोळका यांचे नियम वेगळे. अडीच मिलिमीटरच्या खिंडीपाशी दोन-तीन मोहऱ्या एकदम आल्या तर त्या एकमेकींना टेकून कमान करतात. ही कमान वाड्याच्या दरवाजावरच्या कमानीसारखीच, वरून जितका भार तितकी घट्ट. भोक दाण्याच्या तीनपट असेल तर कमान हटकून होते. पाच-सहापट झालं की क्वचित. म्हणजे ढोबळ हिशेब असा: एकेकटा दाणा जायला खडी साडेसहापट पुरते, पण घोळक्याने न अडखळता जायला ती तीसेकपट हवी.

पाभरीवर पेरणी करणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. चाड्यावर मूठ धरायची म्हणजे बी बोटांमधून एकसारखं, थोडं थोडं सोडायचं. भसकन टाकलं की नळी तुंबली आणि पेरणीची ओळ रिकामी गेली.

टिचकी मारली की कमान मोडते, हे खरं. गिरणीवाले काका डब्यावर थाप मारतात ती त्यासाठीच. जमिनीत पुरलेल्या खडीला टिचकी कोण मारणार?

ओली वाळू चाळणीतून का पडत नाही?

दाण्यांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि पृष्ठताणामुळे दाणे एकमेकांना धरून ठेवतात. याच कारणाने थोडी ओली वाळू फुगते, चार-सहा टक्के ओलाव्याला घनफळ पाव हिश्शाने सहज वाढतं. घमेल्यावर वाळू मोजून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पूर्ण बुडवली की पूल नाहीसे होतात आणि वाळू पुन्हा सुटी.

फिल्टरमधली वाळू तर चाळणीच आहे. मग त्यातून माती कशी जात नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे चाळणीचं चित्र साफ कोसळतं. पाणी शुद्धीकरणाच्या जलद फिल्टरमध्ये वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. तिची खिंड ०.१५५ च्या हिशेबाने ०.०८ मिलिमीटर. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटर किंवा त्याहून लहान. म्हणजे खिंड कणाच्या चाळीसपट रुंद. बैलगाडी जाईल एवढ्या दरवाजातून मांजर अडायला नको, तरी अडतं.

अडतं कारण कण वाळूला जाऊन चिकटतो. थोडे जड कण प्रवाहातून खाली बसत वाळूवर टेकतात. काही प्रवाहासोबत वाळूला इतके घासून जातात की स्पर्श होतोच. अगदी सूक्ष्म कणांना पाण्याचे रेणू धक्के देत इकडेतिकडे भरकटवतात, त्यात ते वाळूवर आदळतात. जड कणांना पहिले दोन मार्ग लागू पडतात, सूक्ष्म कणांना तिसरा, आणि मधले सगळ्यांच्या तावडीतून निसटतात. म्हणून फिल्टरला सर्वांत अवघड जातो तो साधारण एक मायक्रोनचा, म्हणजे ०.००१ मिलिमीटरचा कण. १९७१ मध्ये याओ, हबीबियन आणि ओमेलिया यांनी हे दाखवलं. त्याहून लहान कण पकडणं सोपं, हे पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही पटलं नव्हतं.

स्पर्श झाला तरी कण चिकटायला हवा. मातीचे कण आणि वाळू दोन्हींवर ऋण भार, ते एकमेकांना ढकलतात. तुरटी टाकली की हा दुरावा कमी होतो, कण एकमेकांना आणि वाळूला धरतात. आजी माठात तुरटी फिरवायची तेव्हा हेच करत होती. तुरटीशिवाय जलद फिल्टर म्हणजे पाणी दाखवून आणलेली वाळू.

फिल्टर धुताना पाणी खालून वर सोडतात. नेहमीचा गाळण्याचा वेग ताशी पाच मीटर असेल तर धुण्याचा तीस-चाळीस मीटर. वाळू उचलली जाते, दाणे एकमेकांवर घासतात, चिकटलेली माती सुटते. घरगुती पुनर्भरणाच्या खड्ड्यात ही सोय नसते. तिथे जे बसलं ते बसलं.

आमचा खड्डा दोन वर्षांत बंद पडला. कंत्राटदार म्हणतो जमीनच खराब. खरं काय?

जमीन खराब असू शकते, पण आधी थर उकरून बघा. कोथरूडच्या एका सोसायटीत मला बोलावलं होतं. खड्डा दहा फूट, तळापासून वर ४० मिलिमीटरची खडी, आणि खडीवर थेट एक फूट नदीची वाळू. कागदावर थर अगदी छान रंगवलेले. पहिल्या पावसाळ्यात वाळू निम्म्याने खाली गेली. "बसली असेल" म्हणून त्यांनी वरून आणखी दोन पोती टाकली. पुढच्या वर्षी तीही गेली. मी गेलो तेव्हा वर वाळूचा मागमूस नव्हता आणि खाली खडीत फावडं घातलं तर ते रुतेना, इतकं सगळं सांधलं गेलं होतं.

गणित बघा. खडीत ४० टक्के पोकळी. तीस सेंटिमीटर वाळू तीत उतरली की पाऊण मीटर खडी गच्च. या भागात उरलेली पोकळी ४० टक्क्यांच्या ४० टक्के, म्हणजे १६. साठवण निम्म्याहून कमी झालीच, पण खरा तोटा वेगळा: आता पाणी खडीतून जात नाही, वाळूतून जातं, आणि तीही जागेच्या जेमतेम काही भागातून. खडीचे पैसे देऊन वाळूपेक्षा वाईट काहीतरी विकत घेतलं.

हे होऊ नये म्हणून मृदा-अभियंते टेरझागी यांचा नियम आहे, धरणं बांधणारे तो पाळतात. जाड थरातल्या बारकांचं माप, म्हणजे ज्याहून बारीक फक्त १५ टक्के असतात ते, आणि बारीक थरातल्या जाडांचं माप, म्हणजे ज्याहून बारीक ८५ टक्के असतात ते, यांचं गुणोत्तर चार-पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही. या खड्ड्यात खडीचं पहिलं माप २५ मिलिमीटर होतं, वाळूचं दुसरं १.२. गुणोत्तर वीसच्या वर. वाळू पडणार हे ठरलेलंच होतं, प्रश्न फक्त कोणत्या सरीला एवढाच.

दुरुस्ती स्वस्त होती. वाळू आणि खडीच्या मध्ये सहा इंच बारीक ग्रिट, पाच ते दहा मिलिमीटरची. वाळूशी तिचं गुणोत्तर चारच्या आसपास, खडीशी अडीच. दोन्हीकडे कमानी धरतात. होय, इथे कमान आपल्याला हवी आहे. गिरणीत जी शत्रू, ती फिल्टरमध्ये चाकरीला.

काहीजण ग्रिटऐवजी जिओटेक्स्टाईलचं कापड घालतात. चालतं, पण गच्चीवरची माती थेट त्यावर आली तर कापडच तुंबतं, आणि तेही दिसत नाही. मी ग्रिटच सुचवतो. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरणार असाल तर धुतलेलीच घ्या. न धुतलेल्या मालातली भुकटी म्हणजे स्वतःच्या हाताने खड्ड्यात घातलेला गाळ.

चिवड्यातलं मीठ-मसाला नेहमी तळाशीच का? (आईचा प्रश्न)

डबा हलला की पोह्यांमध्ये क्षणभर फटी उघडतात. बारीक मसाला लगेच खाली सरकतो, पोहे त्या फटीत मावत नाहीत. फट बंद होते, दुसरीकडे उघडते. ही चालती चाळणच, भोकं सतत जागा बदलणारी. वाघोलीच्या क्रशरवरून खडी भरून निघालेल्या ट्रकमध्ये भुकटी तळाशी जाते तीही अशीच, म्हणून ट्रक रिकामा करताना तळाचा माल वेगळा ओतून घ्या. चिवड्यावर उपाय एकच: वाढताना डबा हलवू नका, चमच्याने खालून वर करा. आई म्हणाली, हे मला माहीत होतं, कारण विचारत होते.

तेलविहिरींचा "एक तृतीयांश" नियम इथे लागतो का?

साधारण लागतो. कण खिंडीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा असेल तर तोंडाशीच पूल बांधतो. एक सप्तमांशापेक्षा लहान असेल तर बहुधा निघून जातो. मधले आत शिरतात आणि आतच बसतात, सगळ्यात त्रासदायक तेच. चिकटणाऱ्या मातीला मात्र हा नियम पुरत नाही, कारण वर वाळूच्या फिल्टरमध्ये सांगितलं आहे.

पानशेत असंच फुटलं का?

पुण्यात धरणाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली आणि शहराचा नदीकाठ बुडाला. पण तिथली गोष्ट वेगळी: काम पुरं व्हायच्या आधीच पाणी साठलं, आणि पाणी सोडण्याच्या नळावरचा भराव खचला.

मातीच्या धरणातून दाणे वाहून जाऊन ते फुटल्याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या आयडाहोमधलं टेटन धरण घ्या, ५ जून १९७६. तिथली भरावाची माती बारीक आणि सहज वाहून जाणारी, पायातल्या खडकाला उघड्या भेगा, आणि दोघांच्या मध्ये दाणे अडवणारा थर पुरेसा नाही. पाण्यासोबत एक दाणा निघाला की त्याची जागा रिकामी, तिथे पाणी जास्त, मग पुढचा दाणा. नळी उलट्या दिशेने, बाहेरून आत खणत जाते. सकाळी गढूळ झरा दिसला आणि दुपार व्हायच्या आत धरण गेलं. शोषखड्ड्यात दाणा अडला की नुकसान, धरणात दाणा सुटला की नुकसान. नियम दोन्हीकडे तोच टेरझागींचा.

कात्रजच्या पेशवेकालीन नळात गाळ कसा काढायचे?

तिथे वाळूचा फिल्टर नाही, पाण्याला विसावा दिला आहे. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे येणाऱ्या त्या नळमार्गावर जागोजाग उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायची बांधीव ठिकाणं, आहेत. तिथे पाणी मंदावतं, गाळ खाली बसतो आणि काढता येतो. विसाव्याची मर्यादा मात्र ओळखा. ०.१ मिलिमीटरची बारीक वाळू एक मीटर खाली बसायला दोनेक मिनिटं घेते. ०.०१ मिलिमीटरचा गाळ तीन तास. ०.००२ मिलिमीटरची चिकणमाती तीन दिवसांहून जास्त, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. खड्ड्याआधी दोनशे लिटरची गाळटाकी बसवून "आता माती येणार नाही" म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब करून दाखवतो.

या सगळ्याचं एखादं सूत्र नाही का?

पाण्यासाठी आहे. हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या उभ्या नळीतून पाणी सोडून ते काढलं: प्रवाह दाबाच्या उताराच्या प्रमाणात. दाणे सोबत आले की अडचण अशी की प्रत्येक अडलेला दाणा माध्यमच बदलतो. म्हणून संगणकावर प्रत्येक दाण्याची टक्कर मोजत जातात. ही पद्धत कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडली. पुण्यात हा विषय गंभीरपणे करायचा असेल तर खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ मध्ये सुरू झालेलं, तिथे गाळ आणि पाण्याचे अभ्यास होतात. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रसायन अभियांत्रिकीच्या बाजूने. पण आधी गोट्यांची बरणी करा.

खड्डा वर्षातून किती वेळा साफ करायचा?

एकदा, मे महिन्याच्या शेवटी. पूर्ण उपसायची गरज नाही. वरची दोन-तीन इंच वाळू खरवडून काढा, बादलीत चार वेळा धुवा, वाळवून परत टाका. कमी पडली तर नवी. बहुतेक माती त्या दोन-तीन इंचांतच अडकलेली असते. गच्ची झाडून घ्या. पहिल्या दोन जोरदार सरींचं पाणी खड्ड्यात न सोडता बाहेर काढा, त्यासाठी पाइपला एक साधा टी आणि व्हॉल्व्ह पुरतो. व्हॉल्व्ह उघडायचा कुणी हे सभेत ठरवून वॉचमनला लेखी द्या. गेल्या वर्षी एका ठिकाणी सगळं नीट बसवलं होतं, आणि व्हॉल्व्हची किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात होती. ते त्या आठवड्यात गावाला गेले होते.